पेटी उघडण्याआधी

सर, गेल्या सोमवारी आम्ही पेटी उघडली. तेव्हापासून हे तुम्हाला सांगावं असं मनात आहे. तुम्ही जाऊन वीस वर्षांहून जास्त काळ झाला, तरी कामातलं काही सांगायचं म्हटलं की अजून तुम्हीच आठवता. पेटी म्हणजे लाकडी-लोखंडी काही नाही. आमच्या कामातला तो रुळलेला शब्द आहे, त्याचा अर्थ पुढे येईल. त्याआधी मी हल्ली काय करते ते सांगायला हवं, कारण तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी एका सॉफ्टवेअर कंपनीत होते आणि न्यूट्रिनोशी माझा संबंध संपला अशी माझी स्वतःची खात्री झाली होती.

न्यूट्रिनो काय ते तुम्हाला सांगायची गरज नाही. आपल्या अंगठ्याच्या नखातून दर सेकंदाला हजारो कोटी न्यूट्रिनो आरपार जातात आणि नखाला पत्ता लागत नाही, हे मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकलं. वर्गातल्या निम्म्या मुलांनी तेव्हा खरोखर नखाकडे पाहिलं होतं. पण त्यांच्या मागे लागून लोक कुठवर गेलेत ते तुम्हाला पाहायला मिळालं नाही. दक्षिण ध्रुवावर बर्फात खोल भोकं पाडून त्यांत काचेचे मोठाले गोळे माळेसारखे सोडलेत. वर बर्फ पुन्हा गोठला, गोळे कायमचे आत राहिले. एखादा न्यूट्रिनो बर्फातल्या अणूवर आदळलाच, तर निळसर उजेडाची एक रेघ उमटते आणि गोळे ती टिपतात. म्हणजे बर्फ हेच यंत्र. त्यातही गंमत अशी की हे यंत्र आपल्या पायाखाली बघतं. डोक्यावरून येणाऱ्या इतर कणांचा तिथे इतका गलका असतो की त्यात काही निवडणं कठीण, म्हणून अख्खी पृथ्वी चाळणीसारखी वापरायची. पृथ्वी पार करून खालून वर येईल तो न्यूट्रिनोच असणार. उत्तरेच्या आकाशातून निघालेला न्यूट्रिनो आपल्या बाजूने जमिनीत शिरतो. त्यातले काही विश्रांतवाडीतल्या तुमच्या गच्चीवर काकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांमधूनही गेले असतील. तिथून जमिनीच्या पोटातून सरळ पलीकडे. त्यातला एखादा, फारच थोडा, तिकडच्या बर्फात सापडतो.

तो सापडावा असं का वाटतं, हे आईला समजावण्यात माझा बराच वेळ गेला आहे. मी कंपनी सोडून इथे कमी पगारावर, कराराने लागले तेव्हा ती म्हणाली, "न्यूट्रिनो म्हणजे जो दिसत नाही, थांबत नाही आणि वाढीव पगार देत नाही, तोच ना? असा एक मनुष्य आपल्या नात्यात आहे, त्याचाच अभ्यास कर की." मी तिला म्हटलं, काही दीर्घिकांच्या मधोमध प्रचंड कृष्णविवर असतं आणि भोवती धुळीचा इतका दाट थर असतो की आतला उजेड बाहेर येतच नाही. न्यूट्रिनोला धूळ अडवत नाही. आत काय चाललंय त्याची बातमी तोच आणतो. यावर ती म्हणाली, "बातमी खरी कशावरून?" सर, आई तुम्हाला कधी भेटली नाही. पण हा प्रश्न ऐकून मला तुमची प्रयोगशाळा आठवली.

आम्ही एस.वाय.ला होतो. बाहेर सगळं शहर बदलायला लागलं होतं. सदाशिव पेठेत गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि प्रॅक्टिकल लवकर उरकून सगळ्यांना तिकडे पळायचं असायचं. त्यामुळे रीडिंग कुक करणं हा आमचा रोजचा उद्योग होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. उत्तर ठाऊक असलं की उलटं गणित करून रीडिंग मांडायची, अगदीच नेमकी आली तर संशय नको म्हणून एखादं जरा इकडे-तिकडे करायचं. मग तुम्ही आमच्या बॅचला आलात. त्या दिवशी अज्ञात रोध काढायचा होता. रोधाच्या वेटोळ्यांवर त्यांची खरी किंमत कोरलेली असायची, म्हणून ते 'अज्ञात' फक्त पुस्तकात. तुम्ही मात्र प्रत्येक कोरलेल्या किमतीवर जखमेला लावतात ती पांढरी चिकटपट्टी लावून ठेवली होती. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, लागलंय का त्याला?" तुम्ही म्हणालात, "त्याला नाही लागलं. तुम्हाला लागून राहिलं, म्हणून झाकलं."

तासाच्या शेवटी तुम्ही टेबलाटेबलावर जाऊन पट्ट्या काढत होतात. मी सगळं नीट केलं होतं, निदान तशी माझी समजूत होती. पट्टी निघाली आणि माझं उत्तर चांगलंच बाजूला होतं. मी लगेच म्हणाले, "सर, माझं तिसरं रीडिंग चुकलंय. ते काढलं तर बरोबर येतंय." आणि पेन्सिलने ते खोडायला लागले. तुम्ही माझ्या हाताकडे बघत विचारलंत, "पट्टी काढायच्या आधी ते बरोबर होतं ना?" मी म्हटलं, हो. "मग आता काहून चुकलं?" तुम्ही आवाज चढवला नाहीत, पण बाजूचे सगळे ऐकत होते आणि माझे कान तापलेले मला आठवतात. मी म्हणत होते की ते खरंच वाईट होतं, काटा हलत होता. तुम्ही म्हणालात, "असेल. पण काटा हलत होता हे तेव्हा नाही लिहिलं तू. उत्तर पाहून आठवून राहिलं तुला." मार्क मात्र तुम्ही कमीच दिलेत. मला वाटलं होतं की इतका उपदेश केल्यावर निदान थोडे जास्त द्याल.

एम.एस्सी. झाल्यावर कंपनीत लागले तेव्हा मी पेढे घेऊन विश्रांतवाडीला आले होते. तुम्ही स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मेथी निवडत होतात आणि काकू भाकऱ्या थापत होत्या. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तुमच्या निवृत्तीचा हार अजून सुकत होता. तुम्ही विचारलंत, काम काय आहे? मी म्हटलं, जुन्या प्रोग्रामांत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेत, आता दोन हजार साल येणार म्हणून ते सगळीकडे चार करायचे. तुम्ही मेथीची काडी हातात धरून बराच वेळ हसलात. "म्हणजे शतक संपणार हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं?" काकू म्हणाल्या, "हसू नका हो तिला. तुमच्या खाणीपेक्षा बरं आहे. वर्षभर काहीच झालं नाही म्हणून आनंद केला यांनी तिथे."

खाणीचं मला तोवर माहीतच नव्हतं. तुम्ही तरुणपणी कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणीत, न्यूट्रिनो शोधणाऱ्यांच्या हाताखाली काही काळ होतात. नागपूरकडून तिथे गेलेला मुलगा, घरात पहिलाच कॉलेजात शिकलेला, आणि काम काय तर जमिनीखाली दोन किलोमीटरवर गरम दगडांत यंत्र सांभाळत बसणं. जितकं खाली जावं तितके वरून येणारे कण कमी. अगदी तळाला नेलं तेव्हा यंत्र गप्प झालं. आठवड्यांमागून आठवडे एक नोंद नाही. "घरचे विचारत, काय करतो? मी सांगत होतो, शांतता मोजतो," तुम्ही म्हणालात. मी विचारलं, पण शेवटी काही दिसलंच नसतं तर लिहायचं काय? तुमचं उत्तर मला अजून शब्दशः आठवतं. "काही दिसलं नाही, असं लिहायचं. पण किती पाहिलं तेही लिहायचं. नाहीतर डोळे मिटून बसलेला माणूसही म्हणतो, काही दिसलं नाही." निघताना तुम्ही मला त्या खाणीतला एक काळपट दगड दिलात आणि वर म्हणालात, "सोनं नाही त्यात. मी पाहून घेतलं." मी नमस्कार केला. मी संशोधनाची वाट सोडली याबद्दल तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. ते तुम्हाला लागलं नाही की लागूनही बोलला नाहीत, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी परदेशात, कंपनीच्या एका ग्राहकाच्या ऑफिसात होते. वर्गातल्या एकीची ई-मेल आली. परत आले तोवर काकू नागपूरला भावाकडे गेल्या होत्या आणि घराला दुसऱ्याचं कुलूप होतं.

पुढची वर्षं कंपनीतच गेली. मी वाईट दिवस काढले असं म्हणणं खोटेपणाचं होईल. घर झालं, आईचं दुखणंखुपणं निभावलं, काम आवडायचंही. शेवटी शेवटी माझ्याकडे बँकेच्या लाखो व्यवहारांतून लबाडीचे मोजके व्यवहार वेगळे काढायचं काम आलं. एकदा सहज वाचताना कळलं की न्यूट्रिनोवाले हीच रीत वापरतात, फक्त गलका वेगळा. शहरातल्याच एका संस्थेत छोटा गट होता, त्यांना प्रोग्राम लिहिणारं कुणी हवं होतं. चाळिशी उलटल्यावर मी अर्ज केला. गटाचा प्रमुख माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान आहे. तो मला मॅडम म्हणतो, मी त्याला अहो म्हणते.

आता पेटी. आमच्याकडे नियम असा आहे की खऱ्या नोंदी हातात आल्या की प्रथम त्यांच्या वेळा उलटसुलट करून टाकायच्या. पृथ्वी फिरत असते, त्यामुळे वेळ हरवली की कण आकाशात कुठून आला तेही हरवतं. अशा विस्कटलेल्या नोंदींवर काम करून आधी सगळे निकष ठरवायचे. कोणती नोंद घ्यायची, कोणती टाकायची, दिशा किती नेमकी कळली असेल तर धरायची. ते लिहून काढायचे, बाकीच्यांनी तपासून मान्य करायचे, आणि मगच वेळा जागच्या जागी आणून बघायचं. ते बघणं म्हणजे पेटी उघडणं. एकदा उघडली की निकषाला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी प्रमुखाने हे मला समजावलं आणि विचारलं, "थोडं विचित्र वाटतं ना?" मी म्हटलं, नाही, आमच्या सरांकडे यासाठी चिकटपट्टी असायची. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

मी एकाच दीर्घिकेवर काम करत होते. तिच्या मध्यातून न्यूट्रिनो येतात का, एवढाच प्रश्न. काही वर्षांचं काम. या उन्हाळ्यात सगळं तयार झालं आणि निकषांचं टिपण लिहायला बसले. दिशेचा निकष मी मध्यंतरी थोडा सैल केला होता, म्हणजे दिशा जरा धूसर असलेल्या नोंदीही घ्यायच्या. का सैल केला ते लिहायचं होतं. कारणं चांगली होती. संगणकाने बनवलेल्या खोट्या नोंदींवर तपासलं तर सैल निकषच जास्त उपयोगी ठरत होता. अर्धं वाक्य लिहिलं आणि मला एक मेल आठवली.

झालं होतं असं, की बर्फात एखादी विशेष जोरकस नोंद सापडली तर जगभरच्या दुर्बिणींना लगेच कळवलं जातं, अमुक दिशेला बघा. हे कळवणं गुप्त नसतं. कंपनीत असताना नुसत्या हौसेने मी त्या यादीत नाव घातलं होतं आणि नंतर विसरून गेले होते. मेल येत राहायच्या, मी वाचत नसे. एके दिवशी मेलबॉक्स भरला म्हणून बसमध्ये बसून जुन्या मेल पुसत होते, त्यातली एक उघडली. आकाशातली एक जागा, दोन आकड्यांत. जवळजवळ माझ्या दीर्घिकेची जागा. दिशा धूसर होती, माझ्या जुन्या निकषात ती नोंद बसली नसती. मी मेल पुसली, खडकीला उतरले, भाजी घेतली. निकष सैल केला तो त्याच सुमाराला. आधी की नंतर? मला सांगता येईना. मी रोज डायरी लिहिते, म्हणून ती काढून बसले. गॅस आला, आईची रक्तदाबाची गोळी बदलली, असलंच सगळं. निकषाबद्दल अवाक्षर नाही.

मी चोरून काही पाहिलं नव्हतं. ती मेल जगात कुणालाही वाचता येत होती. सैल निकष चुकीचाही नव्हता. तरी तो मी शोधला की त्या नोंदीने माझ्याकडून शोधून घेतला, हे मला कळत नव्हतं, आणि ते कळायला काही मार्गही नव्हता. दोन दिवस मी हे मनात ठेवलं. हेही तपासून पाहिलं की सांगावंसं वाटतंय ते कामासाठी, की आपण किती प्रामाणिक हे कुणाला तरी दिसावं म्हणून. त्याचाही निकाल लागला नाही. शेवटी प्रमुखाच्या खोलीत गेले.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलला. "म्हणजे आता मलाही कळलं. इतके दिवस मी आंधळा होतो, तुम्ही मलाही डोळे दिलेत. थँक यू, मॅडम."

"सॉरी. पण सांगायला हवं होतं असं वाटलं."

"सैल निकष चांगला आहे. मी स्वतः चेक केलाय."

"चांगला आहे. पण मी तो का केला ते मला माहीत नाही."

"अहो, कुणाला माहीत असतं?" तो हसला, मग गंभीर झाला. "तुमचा करार मार्चला संपतोय. काही मिळालं तर मला वर बोलता येईल. नुसतंच 'काही नाही' आलं तर मी काय बोलणार, सांगा. जुन्या निकषाने ती नोंद जाते. लक्षात आहे ना?"

"आहे."

"मग मी कळवतो सगळ्यांना, नोंद कुठली ते न सांगता," तो म्हणाला, आणि मी दारापर्यंत पोचल्यावर मागून म्हणाला, "आणि मॅडम, मेलबॉक्स साफ करू नका हो परत. स्टोरेज विकत घेऊन देतो."

बाहेरच्या सहकाऱ्यांबरोबर पडद्यावर बैठक झाली. मेल मी किती वेळ पाहिली, आकडे लक्षात राहिले का, असे प्रश्न झाले. कुणी वाईट बोललं नाही. ठरलं ते असं की जुनाच, कडक निकष ठेवायचा. सैल निकषाचं टिपण बाजूला.

पेटी उघडताना आमच्याकडे एक प्रथा आहे. प्रत्येकाने फळ्यावर आपला अंदाज लिहायचा, नेहमीपेक्षा किती नोंदी जास्त निघतील तो, आणि ज्याचा सगळ्यात दूर जाईल त्याने सगळ्यांना मिसळ द्यायची. सोमवारी मला आणि प्रमुखाला यात घेतलं नाही. पीएच.डी. करणारी एक मुलगी खडू हातात घेऊन म्हणाली, "तुम्ही दोघं कंटॅमिनेटेड आहात." बाकी सगळ्यांनी अंदाज लिहिले. वेळा जागच्या जागी आल्या, प्रोग्राम चालला. त्या थोड्या मिनिटांत मला करार आठवला नाही, खरंच आठवला नाही. त्या धुळीच्या थराच्या आत काय चाललंय एवढंच जाणून घ्यायचं होतं. आकडा आला. किंचित जास्त, पण इतका किंचित की नुसत्या योगायोगानेही सहज यावा. कुणीतरी हळूच "बरं" म्हणालं. प्रमुखाने आकडा पुन्हा वाचला आणि म्हणाला, "चला, मिसळ कोणाची?" कराराबद्दल विचारलं तर म्हणाला, बघू. त्याच्या त्या 'बघू'चा अर्थ मला कळतो.

आता मी लेख लिहिते आहे. काही दिसलं नाही, आणि आम्ही इतकं पाहिलं. ती दीर्घिका याहून जास्त न्यूट्रिनो पाठवत असती तर आम्हाला दिसले असते, म्हणजे त्याहून कमीच पाठवत असणार, एवढं खात्रीने सांगता येतं. लहानशी गोष्ट आहे, पण कालपर्यंत कुणाला ठाऊक नव्हती. हे वाक्य लिहिताना मला वाईट वाटत नाही. उलट ते नेमकं जमावं म्हणून मी ते चार वेळा खोडलंय.

पण सर, काल शनिवारी दुपारी, आई झोपलेली असताना, मी सैल निकष लावून तोच प्रोग्राम पुन्हा चालवला. पेटी उघडून झाल्यावर असं बघायला मनाई नसते, फक्त त्यावरून काही दावा करायचा नसतो. तरी मी कुणाला विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. आकडा पडद्यावर आला. या वेळी तो किंचित नव्हता. मी तो वाचला, पुन्हा वाचला आणि बंद केला. डायरीत लिहिला नाही, इथेही लिहीत नाही. पुढे नवीन नोंदी येतील, त्या दीर्घिकेचं काम पुन्हा निघेल, तेव्हा ते दुसऱ्या कुणीतरी करायला हवं. करार वाढला तरी मी त्या कामाची राहिलेले नाही, आणि हे प्रमुखाला कसं सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून इथे लिहिता येतंय. त्या आकड्यावर माझा विश्वास बसला आहे, सर.